कमानीच्या अलीकडे

शिगेनोबु कुवाबारांनी इस्पितळाच्या खाटेवरून शेवटचा हुकूम सोडला तो गुरुवारी. रविवारी सकाळी त्या हुकमाबरहुकूम घरातली चार माणसं चोवीस दिवसांच्या पाचव्या माणसाला घेऊन देवळाला निघायच्या तयारीला लागली. हुकूम सोडणं हा शिगेनोबुंचा साठ वर्षांचा धंदा, आणि तातामीच्या चटया शिवणं हा जोडधंदा, असं आमच्या हाताओरी-चो वस्तीत त्यांच्या मागे सगळे म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही.

"चौघांनीही जायचं," ते म्हणाले होते. नाकात नळी होती, आवाज निम्मा झाला होता, पण जरब तीच. "माझ्या उशाशी कुणी बसून राहायचं नाही. मी काय पळून जातोय?"

"पण बाबा, रीतीप्रमाणे महिना तरी भरू दे," मुलगा योशिताका म्हणाला. "सहाच दिवसांचा तर प्रश्न आहे. पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारची हमी तू देतोस?"

हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. घरातलं माणूस गेलं की पन्नास दिवस सुतक, आणि सुतकात देवळाच्या कमानीखालून पाऊल टाकायचं नाही. म्हणजे आजोबा आधी गेले, तर नातीला देवाच्या पायावर घालणं थेट ऐन कडाक्याच्या थंडीत. अकरा वर्षं औषधं, सुया आणि नवस झाल्यावर, सून मिहोकोच्या बेचाळिसाव्या वर्षी झालेली नात. आजोबांनी तिला अजून हात लावला नव्हता. त्यांच्या खोलीत बाळाला न्यायला परवानगी नव्हती, म्हणून दाराच्या काचेतून एकदाच दाखवली होती. ज्या देवळाचे ते तीस वर्षं मानकरी होते, ज्याच्या सभामंडपातली एकूण एक चटई त्यांनी स्वतः कोपराने दोरा आवळून शिवली होती, त्या देवळात आपल्या जिवात जीव असताना ही पोर जाऊन यावी, एवढं एकच त्यांना हवं होतं.

"हात लांब कर गं जरा, माझी बोटं मागे पोचत नाहीत," फुमिए सुनेला म्हणाली. बाळाला देवाकडे न्यायचा मान बापाच्या आईचा, कारण सोयर पुरती फिटेपर्यंत बाळंतिणीला देवळात येता येतं, पण बाळ देवापुढे धरता येत नाही. तिने नातीला, मियोला, छातीशी घेतलं होतं, आणि मिहोकोच्या माहेराहून, सेंदाईहून आलेला तांबूस रेशमी किमोनो बाळावरून पांघरून त्याच्या पट्ट्या फुमिएच्या मानेमागे बांधायचं काम चाललं होतं.

"आई, झेपेल ना तुम्हाला? वाटलं तर योशिताकाला देऊ या उचलायला."

"याला? हा स्वतः चार किलोचा जन्मला होता, आणि वर त्या दिवशी बर्फ. माझ्या सासूबाईंनी नेलाच ना? ही तर पिसासारखी आहे. गाठ घट्ट मार. अगं, घट्ट म्हणजे माझा गळा नको आवळूस."

मिहोको हसली. मग हसू ओठांवरच विरलं, कारण साचिए कोट घालून दारात आली होती आणि तिच्या हातात इस्पितळात न्यायची पिशवी होती.

साचिए ही थोरली लेक. लग्न मोडून एकोणतिसाव्या वर्षी घरी परतली, दुसऱ्याच दिवशी बापाशेजारी बसून सुई हातात घेतली, ती आज एक्कावन्न वर्षांची झाली तरी सुटलेली नाही. चटयांचा कारखाना आता तीच चालवते.

"तुम्ही तिघं जा," ती म्हणाली. "मी बाबांकडे जाते."

"त्यांनी काय सांगितलंय?" फुमिएने विचारलं.

"सांगितलंय म्हणून काय झालं? काल रात्री त्यांना धड घोट गिळवत नव्हता. ते म्हणणार आणि आपण मान हलवायची, हेच करत आलो जन्मभर."

"मला पटतंय ताईचं," योशिताका म्हणाला. "कुणीतरी एकानं जवळ असावं."

फुमिएने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विम्याच्या कचेरीत नोकरी धरून कारखान्याला पाठ दाखवलेला मुलगा, आणि त्याबद्दल त्याला कधीच माफ न केलेली मुलगी. "नव्या वर्षापासून तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलला नाहीत, आणि आज एकमत? मग नक्कीच काहीतरी चुकतंय. साचिए, दुपारी मी त्यांच्यासमोर उभी राहीन तेव्हा ते पहिला प्रश्न विचारतील, सगळे होते ना? मी काय सांगू?"

"सांगा, पोरीनं ऐकलं नाही म्हणून."

"ताई," मिहोको मध्येच म्हणाली. तिला हे सहा दिवस आधी जाणं मुळात पसंत नव्हतं. बाळ फार लहान आहे, बाहेर थंडी आहे, म्हणून गुरुवारी ती नवऱ्याशी भांडलीही होती. "ताई, तुम्ही या ना. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. मग अर्धवट कशाला? पूजा साडेदहाला आहे, अकराला संपेल. तिथून टॅक्सीने सरळ इस्पितळात जाऊ. सगळ्यांनीच."

साचिएला भावजयीकडून हे अपेक्षित नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली. "ठीक आहे," ती म्हणाली, "पण अकरा म्हणजे अकरा. फोटोबिटो काढत बसायचं नाही."

देऊळ घरापासून सात मिनिटांवर. मासळीवाल्यापाशी वळलं की रस्त्याच्या टोकाला दगडी कमान दिसते. शहर दोनदा जळून बेचिराख झालं आणि ती दोन्ही वेळा उभी राहिली. डाव्या खांबाला धग लागून पडलेला काळा डाग आम्ही मुद्दाम कधी पुसला नाही. नोव्हेंबरचा रविवार, म्हणजे तीन, पाच आणि सात वर्षांच्या पोरांच्या देवदर्शनाचा दिवस. नटूनथटून आलेल्या पोरी, लांबलचक गोळ्यांच्या पिशव्या ओढत चालणारे पोरगे, घामाघूम झालेले बाप. तिघं पुढे गेली होती. मियोची लोकरी टोपी उंबऱ्यावर राहिली म्हणून साचिए मागे वळून ती घेऊन येत होती, आणि मासळीवाल्याच्या कोपऱ्यावर तिचा फोन वाजला.

इस्पितळाचा नंबर होता.

नर्सने आधी नाव विचारून घेतलं. मग सांगितलं. किती वाजता ते सांगितलं, शेवटी काय झालं ते सांगितलं, आणि फार सावकाश, दोनदा, म्हणाली की त्यांना त्रास झाला नाही. साचिए "हो" म्हणत राहिली. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहा वाजून सतरा मिनिटं. बाबा जाऊन पाच मिनिटं झाली होती.

समोर तीस पावलांवर आईची पाठ होती, आणि पाठीवर त्या रेशमी पट्ट्यांची गाठ. आई कमानीपाशी थांबली. आता ती वाकून नमस्कार करणार, मग मधली वाट देवासाठी सोडून डाव्या कडेने आत जाणार. एक हाक मारली असती तर पुरे होतं. "आई!" एवढंच. पुढचं आईला कळलं असतं.

साचिएने तोंड उघडलं आणि मिटलं.

आई वाकली. योशिताका वाकला. मिहोको, अंग अजून दुखत असल्याने, थोडीशीच वाकली. आणि तिघं आत गेली.

फोनवर नर्स विचारत होती, किती वेळात येऊ शकाल? "एक तास," साचिए म्हणाली. "एक तास लागेल. क्षमा करा."

मग ती चालत चालत कमानीपर्यंत आली. आता सोपं होतं. चार पावलं टाकायची, हात धुवायचे, आईच्या मागे जाऊन बसायचं, अर्धा तास मान खाली घालायची. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बावीस वर्षांपासून ते तिला उत्तम जमत होतं. कुणाला काही कळलं नसतं, आणि पोरीचं देवदर्शन निर्विघ्न पार पडलं असतं. तिने उजवा पाय उचलला.

तो पडेना.

या कमानीवर तिचा राग होता. ती अकरा वर्षांची असताना दर बारा वर्षांनी निघणारी मुलांची मिरवणूक आली. तिची निवड झालेली, डोक्यावर घालायचा सोनेरी मुकुटसुद्धा घरी आलेला, आणि नऊ दिवस आधी आजी वारली. बाबांनी मुकुट परत केला. ती रडली, दोन दिवस जेवली नाही, आणि बाबा म्हणाले, देवापुढे आपल्या घराला वेगळा कायदा नाही. निदान माडीवरून बघते म्हटलं, तर देवाची पालखी वरून बघत नाहीत म्हणून त्यांनी माडीची दारं लावून घेतली. शेवटी ती इथे, याच जागी, कमानीच्या अलीकडे उभी राहून मैत्रिणींना आत जाताना बघत राहिली. चाळीस वर्षं झाली, त्यानंतर तिने हा नियम बावळटपणाचा आहे असं बापाला तोंडावर किमान शंभर वेळा सुनावलं होतं.

आणि आज, सांगायला बाप उरला नव्हता, तर तिचा पाय त्या दगडाच्या पलीकडे पडत नव्हता.

"माफ करा, जरा आमचा एक फोटो काढाल?" एका तरुण बापाने तिच्या हातात फोन दिला. त्याची तीन वर्षांची मुलगी गोळ्यांची पिशवी दातांनी फाडायच्या बेतात होती. "देऊळ मागे यायला हवं. तुम्ही थोडं आत या ना, इथून छान दिसतं."

"नाही, मी इथूनच काढते."

"आत आलात तर ऊन पाठीशी राहील."

"इथूनच," साचिए म्हणाली. आवाज जरा जास्तच करडा निघाला असावा, कारण तो मुकाट्याने बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. तिने तीन फोटो काढले. तिन्ही हलले.

योशिताकाने पाण्याच्या टाक्यापाशी आईच्या हातावर पळीने पाणी घातलं, स्वतःचे हात धुतले, चूळ भरली, आणि मागे वळून पाहिलं तर बहीण नाही. वृद्ध पुजारी त्सुजिमुरा गुरुजी पायऱ्यांवर येऊन उभे होते.

"शिगे कसा आहे?" त्यांनी फुमिएला विचारलं. या वस्तीत शिगेनोबुंना शिगे म्हणणारा हा एकच माणूस शिल्लक होता.

"आमची वाट बघतायत," फुमिए म्हणाली. "इथून गेल्यावर सगळं बयाजवार सांगावं लागणार. तुम्ही मंत्र कुठे गाळलात तर तेसुद्धा."

"मग आज गाळता येणार नाही. या, वेळ झाली."

"ताई कुठे राहिली? मी आणतो," म्हणत योशिताका कमानीकडे पळाला.

ती पलीकडे उभी होती. रस्त्यावर. बाळाची टोपी दोन्ही हातांत धरून.

"काय गं, चल ना! गुरुजी थांबलेत."

"तुम्ही करा. मी इथे आहे."

"म्हणजे काय? आई वाट बघतेय. पुन्हा तेच सुरू केलंस का? आज तरी तुझा तो कमानीवरचा राग गिळ." त्याने कमानीबाहेर येऊन तिच्या दंडाला धरलं आणि ओढलं. ती हलली नाही. रोज चाळीस किलोच्या चटया उचलणारी बाई, विम्याच्या कारकुनाला काय हलणार.

"योशि, जा तू," ती म्हणाली. "तुला काही माहीत नाही. काही विचारू नकोस आणि जा."

लहानपणानंतर त्याला कुणी योशि म्हटलेलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. तिने दोन्ही पाय जुळवले होते, कमानीच्या दगडापासून हातभर अलीकडे. त्या घरात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. आजी गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नव्हतं, पण पुढे काका गेले, आत्या गेली, तेव्हा दर वेळी बाबा याच जागी असेच उभे राहून बाहेरूनच नमस्कार करून परतायचे.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"विचारू नकोस म्हटलं ना."

"ताई, केव्हा?"

"तुम्ही आत जायच्या आधी."

योशिताकाचा चेहरा वेडावाकडा झाला. "आणि तू आम्हाला जाऊ दिलंस? आईला? हातात बाळ घेऊन?"

"हो. जाऊ दिलं."

"बाबांना कळलं असतं तर..."

"बाबांना हेच हवं होतं!" ती ओरडली नाही, पण जवळून जाणारी बाई दचकली. साचिएने आवाज उतरवला. "त्यांना पोरगी आत जायला हवी होती. ती गेली. आता आईला बाहेर बोलावून पन्नास दिवसांनी पुन्हा या म्हणून सांगायचं असेल तर तू सांग. मला जमलं नाही. तू बाप आहेस तिचा, ठरव तू. पण लवकर ठरव."

आतून ढोलाचा पहिला ठोका ऐकू आला. योशिताका आपल्या बुटांकडे बघत उभा होता. आता तो कमानीच्या बाहेर होता, आणि आता त्याला माहीत होतं. आईचं वेगळं. ती न कळता आत गेली होती. तो गेला तर कळून सवरून जाणार. बाबांनी आयुष्यात एकदाही असं केलं नसतं. त्याने डोळे पुसले, कोटाची बटणं लावली.

"मी कारखाना सोडला तेव्हासुद्धा एवढं वाईट वाटलं नव्हतं," तो म्हणाला. मग कमानीपुढे वाकला, नेहमीपेक्षा बराच खाली, आणि आत गेला.

मिहोकोने नवऱ्याला परत येताना पाहिलं. पाण्याच्या टाक्यापाशी तो थांबला. हात एकदा धुवून झालेले असताना त्याने ते पुन्हा धुतले, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा, आणि पळी खाली ठेवताना ती त्याच्या हातून घसरली.

"ताई?" तो शेजारी येऊन बसल्यावर तिने कुजबुजत विचारलं.

"तिच्या पोटात दुखतंय."

मिहोको अकरा वर्षं डॉक्टरांच्या खोल्यांबाहेर या माणसाशेजारी बसत आली होती. वाईट बातमी लपवताना तो श्वास कसा घेतो ते तिला चांगलं माहीत होतं. तिने पुढे बसलेल्या सासूच्या मानेमागची गाठ पाहिली, तिने स्वतः बांधलेली. ती सोडायला दोन क्षण पुरले असते. गुरुवारी हीच मिहोको म्हणत होती की पोर लहान आहे, घाई कसली. आता तिला वाटलं, गुरुजींनी लवकर म्हणावं, भराभर म्हणावं, आणि कुणी उठू नये. ती गुडघ्यांवर सरकत पुढे झाली आणि सासूला अगदी खेटून बसली.

"काय गं?" फुमिए हळूच म्हणाली.

"काही नाही. बाळ थंडीनं कुडकुडेल म्हणून."

"बाळ झोपलंय," फुमिए म्हणाली.

गुरुजींनी शुद्धीची कागदी पट्ट्यांची काठी सर्वांच्या डोक्यांवरून फिरवली. फुमिएने मान खाली घातली. खाली नवऱ्याने शिवलेली चटई होती. सत्तरीत होते तेव्हा शिवलेली. कोपर दुखतं म्हणून रात्री औषध चोळून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा त्याच कोपराने दोरा आवळायचे. टाके इतके सरळ की शेजारच्या चटईशी सांधा बोटाला लागत नव्हता.

मान वर करताना तिने कलून मागे पाहिलं, मुलगी आली का म्हणून. सभामंडप मागून उघडा होता. खडीची वाट सरळ रेषेत कमानीपर्यंत जात होती, आणि कमानीच्या पलीकडे, दोन खांबांच्या बरोबर मध्ये, साचिए उभी होती. टोपी छातीशी धरलेली. मान खाली.

फुमिए पुन्हा पुढे वळली.

तिला काही विचार करावा लागला नाही. पंचावन्न वर्षं तिने त्या घरात काढली होती. असं कोण, कुठे, कधी उभं राहतं ते तिला सांगायला नको होतं. मांडीवरची नात एकदम फार जड झाली. उठायचं, हा पहिला विचार. आत्ताच्या आत्ता उठायचं, क्षमा मागायची आणि निघायचं. ते असते तर निघाले असते, मंत्र अर्ध्यात तोडून निघाले असते. तिने एक हात चटईवर टेकवलादेखील.

तेवढ्यात गुरुजींनी नाव घेतलं. जुन्या, संथ भाषेत वस्तीचं नाव, घराचं नाव, आणि मग, योशिताका कुवाबाराची थोरली कन्या, मियो.

फुमिएचा हात चटईवर तसाच राहिला. देवाशी ती एरवी कधी वाद घालत नसे, पण आज तिने मनातल्या मनात घातला. देवा, माझ्या कानावर अजून कुणी काही घातलेलं नाही. मी फक्त माझ्या मुलीला रस्त्यावर उभी पाहिलंय. ह्यांचा धाकटा भाऊ ब्राझीलमध्ये वारला, तेव्हा पत्र यायला तीन आठवडे लागले, आणि मधल्या काळात ह्यांनी तुझी पालखी खांद्यावर घेतली होती. तेव्हा सगळ्या मानकऱ्यांनी मिळून ठरवलं, सुतक कळल्यापासून. तुझ्यासमोर ठरवलं, तू काही बोलला नाहीस. मग आजही बोलू नकोस. मला कळलेलं नाही. अकरा वाजेपर्यंत मला काही कळलेलं नाही. आणि हे पाप असेल तर ते माझ्या नावावर राहू दे. या पोरीला यातलं काही कळत नाही, ती झोपली आहे.

तिने हात उचलला आणि नातीच्या पाठीवर ठेवला. शेजारी सुनेचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, आणि तो थरथरत होता. म्हणजे हिलाही माहीत आहे, फुमिएला कळलं. पोरगा मागे नाक ओढत होता. म्हणजे त्यालाही. सगळे मिळून माझ्यापासून लपवतायत. तिला त्या तिघांची एकदम इतकी माया आली की डोळे भरून आले, पण तिने ते वाहू दिले नाहीत. पूजा संपेपर्यंत ती ताठ बसली. देवाला हिरवी फांदी वाहायची वेळ आली तेव्हा पुढे झाली, दोनदा वाकली, दोनदा टाळी वाजवली, पुन्हा वाकली. काही चुकलं नाही.

पूजा संपल्यावर गुरुजी पायऱ्यांपर्यंत आले. "शिगेला सांगा, एक अक्षर गाळलं नाही," ते म्हणाले.

फुमिएने नुसता नमस्कार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं अजून बोलता येत नव्हतं. गुरुजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग त्यांनीही तेवढंच वाकून नमस्कार केला आणि आणखी काही विचारलं नाही.

खडीवरून ती सावकाश चालत आली. एका बाजूला मिहोको, दुसऱ्या बाजूला योशिताका. आत येणाऱ्या बायका बाळाकडे बघून "किती गोड, अभिनंदन" म्हणत होत्या, आणि फुमिए प्रत्येकीला "आभारी आहे" म्हणत होती. कमानीखालून बाहेर पडल्यावर ती देवळाकडे तोंड करून वाकली. मग म्हणाली, "मिहोको, गाठ सोड. बाळाला घे."

मिहोकोच्या बोटांना गाठ सुटेना. योशिताकाने सोडवली. मियोने तोंड वाकडं केलं, आणि आईच्या खांद्यावर जाताच पुन्हा झोपली. फुमिएने आपल्या किमोनोचा चुरगळलेला काठ दोन्ही हातांनी सरळ केला आणि मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता सांग."

साचिएने आईकडे पाहिलं. पाऊण तास उभं राहून तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच कामाला येईना.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"मला काही माहीत नाही. तू सांगितल्यावर कळेल."

"आई." साचिएने श्वास घेतला. "बाबा गेले."

फुमिएने मान हलवली. "किती वाजता?"

"दहा वाजून बारा मिनिटांनी."

"म्हणजे आम्ही कमानीपाशी पोचायच्या आधी."

"हो. मी हाक मारणार होते आई, पण..."

"ते राहू दे. एकटे होते?"

हा प्रश्न येणार हे साचिएला माहीत होतं, आणि हाच नको होता. "नर्स होती," ती म्हणाली. "तिचा हात धरला होता त्यांनी. सारखं घड्याळ विचारत होते म्हणे. नऊ वाजल्यापासून, दर पाच-दहा मिनिटांनी. तिने दहाला सांगितलं, दहा वाजले. तर म्हणाले, साडेदहाला सुरू होतं, अकराला संपतं. अकरापर्यंत थांबायचंय मला. मग तिने विचारलं, कशासाठी आजोबा? तर म्हणाले, माझ्यामुळे पोरगी बाहेर राहायची."

योशिताकाने चेहरा फिरवला.

"थांबायचं होतं त्यांना," साचिए म्हणाली. आता तिचाही आवाज फुटला. "आई, ते प्रयत्न करत होते. म्हणून मी हाक मारली नाही."

"त्यांना कधी जमलंय थांबायला?" फुमिए म्हणाली. "गाडी दहाची असली की हा माणूस नऊला दारात, बूट घालून. चला, चला, चला. आमच्या लग्नाच्या दिवशी माझे केस अजून बांधायचे होते, तर हे आपले इथे येऊन बसलेले, याच खांबाशी, अर्धा तास आधी. किती बोलणी खाल्ली माझी त्यासाठी. आणि आज, आज एक दिवस थांबा म्हटलं..."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती खाली बसली, कमानीच्या डागाळलेल्या खांबाशी, रस्त्यावर, चांगल्या किमोनोसकट. साचिए तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने आईला दोन्ही हातांनी धरलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा वस्तीने फुमिए कुवाबाराला मोठ्याने रडताना ऐकलं.